टपावर बांधलेले चार टायर

श्रोतेहो, सज्जनहो, माताभगिनींनो! आरंभीच एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. लगेच उत्तर देतो तो हुशार, थांबून देतो तो शहाणा — आज तुम्ही शहाणे व्हा! प्रश्न असा. एका मनुष्यापाशी साधन नव्हते, म्हणून तो अडला. दुसऱ्यापाशी साधन होते, ते कशासाठी असते याचे ज्ञानही होते, आणि तरीही तो अडला! सांगा, या दोघांत अधिक दयनीय कोण?

पहिल्याची दया देवालाही येते. पण दुसऱ्याचे काय करावे? त्याला शिकवावे, तर तो आधीच शिकलेला! त्याला द्यावे, तर त्याच्या घरी आधीच आहे! अशा मनुष्यापुढे प्रत्यक्ष नारायणसुद्धा हात जोडून म्हणत असेल — 'बाबा रे, तुला आता मी आणखी काय देऊ?'

पाठशाळेत आमचे गुरुजी एक श्लोक म्हणवून घेत. त्यांनी स्वतःच रचलेला. पोथ्यांत शोधू नका, सापडणार नाही.

अयुक्तं यत् स्वकाले तु साधनं भार एव तत् ।
स्कन्धे धृता यथा नौका मज्जतो न सुखावहा ॥

जे साधन आपल्या वेळी जुंपले नाही, ते साधनच नव्हे — तो भार! कसा? तर पाण्यात बुडणाऱ्याने खांद्यावर घेतलेल्या नावेसारखा. अहो, नाव आहे ना तुझ्यापाशी? आहे. चांगली आहे ना? उत्तम आहे. मग बुडतोस का? — तर म्हणे, भिजेल हो ती!

हसलात? हसा, हसा. आज आपण ज्याच्या कथेला हसणार आहोत, तो आपल्याच पंक्तीला बसलेला आहे. म्हणा माझ्यामागून —

जपूनि ठेविले । जपूनि राहिले ।
वेळेस न आले । कामा काही ॥

मंडळी, ऐका. आख्यान पुराणातले नाही. रथ आहे, पण घोड्यांचा नाही — मोटारीचा! कोणी म्हणेल, बुवांनी आज देवाच्या दारात टायर आणला. आणला! देवळाबाहेर तुमच्या ज्या गाड्या उभ्या आहेत, त्या काय पुष्पक विमाने आहेत? टायरवरूनच आलात ना कीर्तनाला? मग ऐका.

आष्टा गावात वामनराव खर्डेकर म्हणून गृहस्थ. बाजारपेठेत औषधांचे दुकान. मनुष्य सज्जन, वाचन दांडगे, बोलणे मोजके. आणि स्वभाव — जपणारा! घरातल्या कोचावर दुकानातून आला तेव्हाचे प्लॅस्टिक अजून आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत. चांगल्या कपबश्या काचेच्या कपाटात, पाहुण्यांसाठी. आणि पाहुणे आले की चहा स्टीलच्या पेल्यांत, कारण कपबश्या फुटतील! माताभगिनी इथे का बरे एकमेकींकडे पाहू लागल्या? मी आष्ट्याची गोष्ट सांगतो आहे. तुमच्या गावची नव्हे!

या वामनरावांना एक थोरली बहीण — मथुराक्का. आई लवकर गेली. अक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, आणि तिने या धाकट्या भावाच्या तोंडात घास घातला, त्याला शाळेत नेले, बोहल्यावर उभे केले. वामनरावांना आईचा चेहरा आठवत नाही. आई म्हटले की त्यांना अक्काच दिसे.

आता या अक्काच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. श्रोतेहो, हा रोग मोठा कपटी. दृष्टी कडेने खात येतो. वर्तुळ रोज थोडे लहान. अक्का म्हणे, "वामना, मला जग बांगडीतून पाहिल्यासारखं दिसतं रे. बांगडीच्या आत तेवढं लख्ख, बाहेर काळोख." डॉक्टरांनी वामनरावांना बाजूला घेऊन सांगितले — जे गेले ते परत येत नाही, आणि हे जे उरले आहे, ते वैशाखापर्यंत राहील असे वाटत नाही.

अक्काने ते ऐकले. डोळे जात होते, कान शाबूत होते ना! ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "मग मला त्याआधी नारायणाला पाहायचंय."

हिमालयात उंचावर नारायणाचे एक जुने ठाणे आहे. कार्तिक सरता सरता त्याचे दार बंद होते, ते वैशाखात उघडते. मधले सहा महिने देव बर्फाखाली एकटा. आणि त्याच्यासोबत एक दिवा! दार लावण्याआधी तो भला मोठा दिवा भरतात. येणारा प्रत्येक भक्त घरून आणलेले तूप त्यात ओततो. अक्काच्या दाराशी एक गाय होती. त्या वर्षीचे सगळे तूप अक्काने कोणाच्या पानावर वाढले नाही. कडीच्या डब्यात भरून ठेवले — देवाच्या दिव्यासाठी.

आता पेच ध्यानात आला का? दार वैशाखात उघडणार, आणि वैशाखात अक्काचे डोळे मिटलेले असणार. म्हणजे या कार्तिकात पोहोचली तर दर्शन. नाही तर या देहाने नाही!

अक्काला विमान सोसेना; एकदा बसली होती, चार दिवस कान धरून पडून होती. वामनराव म्हणाले, "अक्का, मी तुला आपल्या गाडीने नेईन."

झाले! आष्ट्यात ही वार्ता पसरली. संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकावर सभा भरली. आपल्याकडे मनुष्य आजारी पडला तर चार सल्ले मिळतात; पण गाडी घेऊन लांब निघाला तर? चाळीस!

वामनरावांचे मित्र बाजीराव साळुंखे. गुळाचे व्यापारी. मनाने मोकळे, आवाजाने त्याहून मोकळे. त्यांच्या गाडीला काय नव्हते ते विचारा! रुंद टायर, चकचकीत मॅगव्हील, पुढे चार जादा दिवे, टायरात हवा भरायचा विजेचा छोटा पंप (वामनराव त्याला 'खेळणं' म्हणत), मागच्या काचेवर 'नादखुळा' अशी अक्षरे, आणि भोंगा असा, की ऐकून म्हैस दावे तोडून पळावी!

बाजीराव म्हणाले, "वामनराव, थंडीचा मुलूख हाय त्यो. गाडी सजवा! दिवे घ्या. टायर रुंद घ्या. रस्त्याला कसं चिकटून चालतंय बघा माझं जनावर!"

त्यांच्या घरच्या हौसावहिनी तिथेच खोकल्याचे औषध घ्यायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "आनि भोंगा? देवाला झोपंतनं उठवायला न्यायचा का त्यो?"

बाकावर गणपतअप्पा कोरे बसले होते. ते म्हणाले, "काय दिवे आणि काय टायर! कंपनीनं दिली तशी चालवावी. चाकाखाली लिंबू, बंपरला लिंबू-मिरची. बास! बाकी तो वरचा बघतो."

पाहिलेत, श्रोतेहो? एक म्हणतो शृंगार करा, दुसरा म्हणतो लिंबू ठेवा. एकाचा भरवसा दिसण्यावर, दुसऱ्याचा दैवावर! आणि वामनराव? त्यांचा भरवसा ज्ञानावर. ते शांतपणे म्हणाले, "बाजीराव, तुमची एक चप्पल द्या."

"चप्पल? कुणाला मारायचीय?"

"द्या तर!"

वामनरावांनी ती चप्पल पिशवीत घातली आणि दुकानातल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली! बाजीराव एका पायाने घरी गेले. दुसऱ्या संध्याकाळी सभा पुन्हा भरली. वामनरावांनी चप्पल बाहेर काढली, बाकावर आपटली — ठक्! लाकडासारखी.

"पाहा," वामनराव म्हणाले. "रबर थंडीने असे होते. आपले टायर उन्हाळ्याच्या देशातले. कडाक्याच्या थंडीत ते लाकूड होतात, आणि लाकूड बर्फाला धरत नाही. रुंद असो, चकचकीत असो — घसरणार! हिवाळी टायर वेगळे मिळतात. त्यांचे रबर थंडीतही मऊ राहते, खाचा बारीक बारीक, त्या रस्त्याला नखासारख्या धरतात. आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, अप्पा — हे टायर बर्फ पडल्यावर घालायचे नसतात. थंडी पडली की घालायचे!"

गणपतअप्पांनी लिंबू खिशात टाकले. बाजीराव म्हणाले, "पटलं वो. पन माझी चप्पल पयल्यांदा उन्हात ठिवा!"

वाहवा! काय ते ज्ञान! वामनरावांनी उत्तरेकडून हिवाळी टायर मागवले. दोन नव्हे, चारही. आले. काळेभोर, करकरीत. दसऱ्याला गाडीबरोबर त्यांचीही पूजा झाली, हळदकुंकू, झेंडूची माळ. वामनरावांनी त्या बारीक खाचांवरून बोट फिरवले — आणि, मंडळी, तिथेच घात झाला! ती वस्तू त्यांना फार आवडली. आणि वामनरावांना एखादी वस्तू फार आवडली, की त्या वस्तूचे काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे...

गुंडाळून ठेवली जाते!

निघायच्या दिवशी लोक पाहतात तो काय? गाडीच्या चाकांना जुनेच टायर, आणि नवे चार गाडीच्या टपावर! जुन्या चादरीत गुंडाळून, दोरीने आवळून! बाजीराव आणि हौसावहिनीही आपल्या गाडीने सोबत निघाले होते. बाजीरावांनी विचारले, "वामनराव, देवाला टायर वाहायचेत का?"

"मऊ रबर आहे हो. आपल्या तापलेल्या डांबरावर खरडून जाईल."

हे मात्र खरे! ज्ञानी मनुष्याचे पहिले निमित्त नेहमी खरेच असते. दुसऱ्यापासून पुढे बिघडते!

मजल दरमजल करीत दोन्ही गाड्या हिमालयाच्या पायथ्याशी आल्या. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ! तिथे टायरचे दुकान होते, टायर चढवायचे यंत्र होते. बाजीराव म्हणाले, "चढवा की आता!"

वामनरावांनी रस्त्याकडे पाहिले. "कोरडा ठणठणीत रस्ता आहे. उगाच झिजवायचे? बर्फ दिसू दे. पांढरे दिसले, की चढवू."

श्रोतेहो! फ्रीजमधून चप्पल काढून अप्पांना शिकवणारा मनुष्य तो हाच ना? 'बर्फ पडल्यावर नव्हे, थंडी पडली की' — हे वाक्य याच मुखातले ना? मग ते ज्ञान गेले कुठे? कुठेही गेले नाही! जिभेवर होते. हातापर्यंत उतरले नव्हते. अहो, जिभेपासून हातापर्यंत अंतर ते किती — आणि कित्येकांचा जन्म जातो त्या प्रवासात!

दुसरा दिवस उजाडला. दार बंद होण्याचा दिवस. तिसरे प्रहरी मुहूर्त. त्या मुलखातले लोक आदल्याच दिवशी वर जाऊन बसतात. सकाळी त्या घाटात या दोनच गाड्या. आकाश निळे. रस्ता काळा, स्वच्छ. कुठे पांढऱ्याचे नाव नाही. वामनराव म्हणाले, "बघ अक्का, बर्फाचा कण नाही! उगाच झिजले असते."

आणि डोंगराच्या सावलीतले एक वळण आले.

तिथे ऊन पोहोचत नाही. रात्री झऱ्याचे पाणी रस्त्यावर ओघळलेले, आणि गोठून आरशासारखे झालेले. पांढरे नाही हो! काचेसारखे. खालचे काळे डांबर जसेच्या तसे दिसते. वामनराव जे पांढरे होऊन येण्याची वाट पाहत होते, ते काळे होऊन आले!

चाक वळवले, गाडी वळली नाही. ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. गाडी आडवी झाली आणि दरीकडे सरकू लागली — सावकाश, अगदी सावकाश, जणू कोणी तिला निरोप देत होते. "नारायणा!" अक्का एवढेच म्हणाली. कठड्याचा एक दगड मागच्या चाकाला लागला. गाडी थांबली.

मागून बाजीराव. त्यांनी ब्रेक मारला. रुंद टायर, चकचकीत मॅगव्हील — सर्व शृंगारासह ते जनावर डोंगरावर जाऊन आपटले. चारांतले दोन दिवे गेले. भोंगा मात्र आपोआप वाजू लागला, थांबेना! हौसावहिनी खाली उतरत म्हणाल्या, "घ्या! आता उटला देव!"

कोणाला इजा नाही. नारायणाची कृपा. पण पुढे जाता येईना, मागे उतरता येईना. फोनला रेंज नाही. देऊळ पायी गाठावे, तर बांगडीएवढी दृष्टी असलेली म्हातारी त्या बर्फातून कशी जाणार? वामनराव रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. टपावर चार टायर. उत्तम टायर. ते तिथे बांधलेले, आणि हा इथे बसलेला! नाव खांद्यावर, श्रोतेहो! आणि मनुष्य पाण्यात!

"अक्का," ते म्हणाले, "मी चुकलो. आता हे चढवायला यंत्र लागतं, आणि ते राहिलं खाली. दार गेलं आपलं. पुढच्या वर्षी—"

अक्का गाडीला धरून उभी होती. म्हणाली, "पुढच्या वर्षी तू मला आणशील रे वामना, तुझ्यावर माझा विश्वास आहे. मी दारासमोर उभीही राहीन. पण तेव्हा मला दार आणि भिंत सारखीच."

मग अक्काचा आवाज बदलला. लहानपणी अभ्यासाला बसवताना लावी, तो! "ऊठ! रडायला वेळ आहे, आणि चाकाला नाही? खाली काढ ते!"

बाजीराव तोवर टपावर चढलेसुद्धा होते. दोरी सोडता सोडता म्हणाले, "यंत्र कशाला पायजे? माझा बाप ट्रॅक्टरचा टायर शेताच्या बांधावर बशिवत हुता. त्येनं काय यंत्र डोक्यावर नेलतं? बापाच्या टॉम्या हायत माझ्या शिटाखाली. दसऱ्याला पुजतो, तवापास्नं तिथंच!" टॉमी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी. "आनि हवा? माझ्या त्या पंपाला 'खेळणं' म्हनला हुता न्हवं तुम्ही? आता म्हना!"

"म्हटलं होतं," वामनराव उठत म्हणाले. "काढा ते खेळणं."

मग कामाला आरंभ झाला! औषधांच्या दुकानाचा मालक आणि गुळाचा व्यापारी, बर्फावर गुडघे टेकून. एकेक चाक काढायचे. हवा सोडायची. जॅकच्या पायाखाली टायरची कड धरून गाडीच्याच वजनाने ती रिमपासून सोडवायची. टॉम्या घालायच्या, रेटायच्या. जुना टायर निघाला. आता नवा बसवायचा — आणि बसेना! नव्या टायरची कड ताठ. तिला ओलावा लागतो. दुकानात साबणाचे पाणी लावतात. हौसावहिनींनी साबण काढला, पाणी काढले. पाणी लावीपर्यंत गोठायचे! बाजीरावांचा हात टॉमीवरून सटकला, बोटे फुटली. ऊन डोंगरावरून पुढे सरकत होते. दार वाट पाहणार नव्हते.

बाजीराव धापा टाकीत म्हणाले, "ओशट कायतरी पायजे. तसं रबराला ओशट चांगलं न्हाई. पन आजच्या दिवसाचं काम भागंल. गिरीस हाय का?"

ग्रीस नव्हते. वामनरावांनी मान हलवली.

आणि मागून आवाज आला — कडीचा! अक्काने डबा उघडला होता.

आतले तूप थंडीने गोठून रवाळ, पांढरेशुभ्र झालेले. अक्काने डबा पुढे केला. "हे लाव."

"अक्का!" वामनराव मागे सरकले. "देवाचं तूप आहे ते! वर्षभर एका पानाला लावलं नाहीस!"

"देवाचंच आहे."

"दिव्यासाठी आणलंस, आणि मी टायरला फासू?"

"वामना, देव फक्त गाभाऱ्यात बसून जेवतो असं तुला कोणी सांगितलं? या वळणावर तो नाही का? मघाशी चाकामागे दगड कोणी ठेवला? लाव म्हणते ना!"

श्रोतेहो, क्षणभर इथे थांबा. या दोन भावंडांकडे पाहा. दोघांनीही एकेक वस्तू जिवापाड जपली. भावाने टायर, बहिणीने तूप. जपणे वाईट आहे का? नाही! जपल्यावाचून तूप साठते का? पण जपणाऱ्याचे दोन प्रकार. वेळ आली की एकाची मूठ आवळते. दुसऱ्याची उघडते. बस्स, एवढाच भेद — आणि या एवढ्या भेदात सगळा परमार्थ आहे!

वामनरावांनी हात डब्यात घातला. तूप टायरच्या कडेला फासले. टॉमी रेटली — आणि कड सरकन् आत! बाजीराव ओरडले, "गेली! अक्का, गेली वो!" हवा धरीना, तेव्हा दोरी टायरभोवती आवळली, काठीने पीळ दिला, खेळणे गुरगुरू लागले आणि टायर 'टण्' करून रिमवर बसला. दुसरे चाक. तिसरे.

तिसरे झाले, तेव्हा डब्याच्या तळाशी थोडे तूप उरले होते. वामनराव डबा मिटू लागले. "हे एवढं राखून ठेवू, अक्का. दिव्यासाठी."

अक्काने त्यांचे मनगट धरले. दृष्टी अंधूक, पण पकड? लोखंडाची! "पुन्हा राखून? अजून शिकला नाहीस?"

वामनरावांनी डबा खरवडला. सगळे तूप चौथ्या चाकाला लावले. काही राखले नाही. आयुष्यात पहिल्यांदा!

दोघांनी गाडी नीट उभी केली. बाजीराव म्हणाले, "वामनराव, अक्काला घिऊन तुम्ही व्हा फुडं. हौसा, तू बी जा. मी हितं माझ्या जनावरापाशी थांबतो."

हौसावहिनी म्हणाल्या, "तुमास्नी एकट्याला सोडून मी एकटी पुन्य कमवू? हितं परत तुमचा भोंगा सुटला, तर कोन बंद करनार?" आणि त्या आपल्या गाडीत जाऊन बसल्या. थट्टेत बोलल्या, श्रोतेहो, पण दारापर्यंत येऊन दर्शन सोडले त्या बाईने! याला काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा.

गाडी सुरू झाली. तेच वळण, तीच काच. चाके फिरली... आणि धरली! नखे रोवून मांजर चढावे तशी गाडी चढू लागली. वामनराव घाई करीत नव्हते. तुपावर बसलेले टायर, जोराने ब्रेक दाबायचा नाही, एवढे भान होते. ऊन उतरत होते, त्यांचा पाय स्थिर होता. आज ज्ञान हातात उतरले होते.

देऊळ दिसले. लोक बाहेर निघत होते. पुजारी दाराशी उभे, एक फळी मिटलेली. वामनरावांनी अक्काला अक्षरशः उचलले आणि धावले. "थांबा! थांबा महाराज! आमची अक्का—"

पुजाऱ्यांनी पाहिले. थांबले. अक्काला आत घेतले. दिव्याकडे हात करून म्हणाले, "माताजी, तूप?"

अक्काने डबा पुढे केला. रिकामा. तळ चकचकीत दिसत होता. म्हणाली, "होतं महाराज. वाटेत लागलं."

पुजाऱ्यांनी डब्यात पाहिले. मग वामनरावांच्या हातांकडे. कोपरापर्यंत काळे, फुटलेले, आणि तुपाने माखलेले. त्यांनी ताटातली एक नवी वात घेतली. डब्याच्या कडेने, कडीच्या खाचेतून, तळाच्या कोपऱ्यातून ती हळूच फिरवली. जेवढे लागले तेवढे लागले. ती वात त्यांनी मोठ्या दिव्यात सोडली, आणि पेटवली.

त्या उजेडात अक्काने नारायण पाहिला.

एकदम नाही हो! बांगडीएवढी दृष्टी. आधी पाय पाहिले. मग तिची मान हळूहळू वर गेली. हात. वक्षस्थळावरची तुळशीमाळ. मग मुख. तिथे ती थांबली. तुम्हीआम्ही देवळात जातो, एका दृष्टीत सगळा देव पाहतो, आणि बाहेर येऊन चपला शोधतो. अक्काने देव वितीवितीने पाहिला. पुजारी दार धरून उभे होते, पण त्यांनी 'चला' म्हटले नाही.

अक्का आपणहून वळली. म्हणाली, "पाहिलं. लावा दार."

दार बंद झाले.

उतरताना वरच्या लोकांनी हात लावून बाजीरावांचे जनावरही सोडवले, आणि सगळे सुखरूप आष्ट्याला परतले. पुढे वैशाख आला. डॉक्टर म्हणाले होते तसेच झाले. आणि आष्ट्यात जो कोणी यात्रेला निघे, तो आधी अक्काकडे येऊन बसे. ती मिटल्या डोळ्यांनी सांगे — पाय असे आहेत, माळ अशी रुळते, ओठांच्या या कोपऱ्याशी हसू आहे. जाऊन आलेले डोळस लोक परतून म्हणत, "अक्का, आम्ही एवढं पाहिलंच नाही!"

मंडळी, आख्यान संपले. आता गाडी तुमच्या दाराशी आणतो.

आपण सगळे वामनराव. आपल्याला काय ठाऊक नाही? नाम घ्यावे, ठाऊक आहे. भावाशी बोलणे बंद आहे, ते सुरू करावे, ठाऊक आहे. पण कधी? 'पांढरे दिसले की!' केस पांढरे झाले की नाम घेऊ. मुलांची लग्ने उरकली की पोथी काढू. टपावर बांधून ठेवले आहे सगळे, चादरीत गुंडाळून! आणि काळ? तो पांढरा होऊन येईल असे वचन त्याने तुम्हांला दिले आहे का? तो स्वच्छ, काळ्या, कोरड्या दिसणाऱ्या रस्त्यावर असतो. निळे आकाश असते, आणि तुम्ही म्हणत असता — 'पाहा, कुठे काही नाही!'

आजचे कवाड । आहे हे उघड ।
उद्याचे अवघड । कोणा ठावे ॥

म्हणून सांगतो, उद्यावर टाकू नका. ज्याच्याशी बोलायचे राहिले आहे, त्याच्या घरी आजच जा. आणि हो — बाहेर गाडीत बसण्याआधी वाकून टायरही पाहा; झिजला असेल तर बदला. देव दगड ठेवतो, पण प्रत्येक वळणावर त्यालाच का कामाला लावता?

आता शेवटचे. मार्गशीर्षातली थंडी आहे. मी मघापासून पाहतो आहे, तुम्ही सगळ्यांनी हात शालीत घेतले आहेत. उबेला जपून! हे हात कशासाठी दिले आहेत? काढा बाहेर. तुम्हीही काढा आजोबा. गार लागेल, लागू दे. वर घ्या. आता, याच क्षणी, टाळी द्या, आणि म्हणा —

नारायण, नारायण, नारायण!